सवलत मिळाली, शिकवणे राहिले

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले, की मुंबईतल्या काही पालकांची पावले परळच्या केईएमकडे, सायनकडे किंवा नायर रुग्णालयाकडे वळतात. सोबत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. ताप नाही, खोकला नाही, दुखणेखुपणे काही नाही. पिशवीत मात्र जाडजूड फाइल असते. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके, लाल शाईने भरलेल्या वह्या आणि शाळेचे पत्र. हवे असते ते एक प्रमाणपत्र. या मुलाला ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, असे त्यात लिहिलेले असले, की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो.

ही सोय महाराष्ट्राने १९९६मध्ये, देशात सर्वांत आधी केली. हजारो मुले त्यामुळे दहावीचा उंबरठा ओलांडू शकली, हे मान्यच करायला हवे. पण त्या फाइलमधली दुसरीची वही उघडून पाहावी. वेलांट्या चुकीच्या जागी, जोडाक्षरे मोडलेली, फळ्यावरच्या चार ओळींपैकी दीडच ओळ उतरवलेली. जी अडचण दहावीत प्रमाणपत्रावर लिहिली जाते, ती सात-आठ वर्षे आधी वहीत लिहिलेलीच होती. मधल्या काळात या मुलाच्या वाट्याला काय आले? ‘आळशी आहे’, ‘लक्ष नाही’, ‘हुशार आहे पण अभ्यास करत नाही’ हे शेरे.

अपंगत्व आणि शाळा यांच्या नात्याचा इतिहास मुंबईत सव्वाशे वर्षांहून जुना आहे. दयेपासून सवलतीपर्यंत आणि सवलतीपासून हक्कापर्यंत तो आला आहे. तरी एक टप्पा आपण ओलांडलेला नाही. परीक्षेत काय द्यायचे ते आपण शिकलो. वर्गात काय करायचे ते अजून शिकायचे आहे.

माझगाव ते शिवडी

या इतिहासाची सुरुवातीची पाने दक्षिण आणि मध्य मुंबईत पायी फिरून वाचता येतात. माझगावात १८८४-८५च्या सुमारास बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. देशातली ती अशी पहिली शाळा मानली जाते. १९००मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकी मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून नावारूपाला आली. १९०२मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. तिच्यामागे डॉ. नीलकंठराय छत्रपती होते. ते स्वतः दृष्टिहीन होते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांकडे लक्ष जायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९४४मध्ये वकील दाम्पत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. शिवडीच्या टेकडीवरची आजची जय वकील संस्था ती हीच. त्याच सुमारास परळमध्ये आणखी एक पाया घातला जात होता. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५०मध्ये केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे प्रशिक्षण सुरू केले. आशियातले या विषयाचे ते पहिले विद्यालय. १९७२मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला घेणारी शाळा शहरात नव्हती.

या सर्व कहाण्यांत एक गोष्ट सारखी दिसते. पुढे आली ती एखादी धर्मसंस्था, एखादा डॉक्टर, एखादी आई. शाळा काढणे हे त्यांचे उपकार होते, समाजाचे कर्तव्य नव्हते. ज्या घरात पैसा, ओळख किंवा जिद्द नव्हती, तिथले मूल घरीच राहिले. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत असे मूल असले, तर त्याची शाळा म्हणजे चाळीचा व्हरांडा.

सरकारी कागदांवर विचार होत नव्हता असे नाही. १९४४च्या सार्जंट अहवालात अपंग मुलांच्या शिक्षणाला जागा होती. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर शक्य तितक्या मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असे सुचवले. १९७४मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली. पण योजना असणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. योजनेतला पैसा संपला की शाळेचे दार पुन्हा बंद होऊ शकते आणि पालकांना कोणाकडे दाद मागता येत नाही.

अमेरिकेत हा फरक १९७५मध्ये मिटला. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण मोफत मिळालेच पाहिजे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र लेखी आराखडा हवा, असा कायदाच तिथे झाला. त्यात अध्ययन अक्षमताही होती. आपल्याकडे तसा कायदा यायला आणखी वीस वर्षे लागली. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६मध्ये लागू झाला आणि अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर आली. त्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली. अध्ययन अक्षमता त्या यादीत नव्हती.

शंभर वर्षांचे अंतर

वास्तविक वैद्यकशास्त्राला ही अवस्था तोवर शंभर वर्षे माहीत होती. १८९६मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात पुढे, नजर उत्तम. पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे होते, की सारे शिकवणे तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गनने याला जन्मजात ‘शब्दांधत्व’ म्हटले. डोळे पाहतात, पण शब्द उमगत नाही. १९६३मध्ये सॅम्युअल कर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्दप्रयोग रुळवला.

मॉर्गनच्या त्या टिपणानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६मध्ये, महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखी परीक्षेत जादा वेळ, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. केंद्रीय कायद्यात या अवस्थेचे नाव नसताना राज्याने हे पाऊल टाकले, हे विशेष. त्यामागे मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांतल्या डॉक्टरांचे, मानसशास्त्रज्ञांचे आणि पालकांचे प्रयत्न होते. सायन रुग्णालयातले अध्ययन अक्षमता केंद्र, तिथल्या डॉ. मधुरी कुलकर्णी आणि पुढे केईएममध्ये काम करणारे डॉ. सुनील कारंडे यांच्या अभ्यासांमुळे हा विषय भारतीय बालरोगशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आला.

तपासणीची पद्धतही या केंद्रांनीच घडवली. आधी डोळे आणि कान तपासायचे. मग बालरोगतज्ज्ञ मज्जासंस्थेची तपासणी करतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक पाहतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या घेतात. बुद्धिमत्ता सर्वसाधारण, पण वाचन-लेखन इयत्तेच्या दोन वर्षे मागे, असे दिसले आणि त्याला दुसरे कारण नसले, तर निदान केले जाते. एका दिवसात उरकणारे हे काम नव्हे. चार-पाच खेपा होतात, तेवढ्या दिवसांची पालकांची मजुरी किंवा रजा जाते.

सवलतींचा उपयोग होतो का? होतो. सायनच्या डॉक्टरांनीच २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सवलती घेऊन दहावीला बसलेल्या मुलांचे गुण त्यांच्या आधीच्या शालेय परीक्षांतल्या गुणांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले दिसले. ज्याला उत्तर येते पण लिहायला वेळ लागतो, त्याला वेळ देणे म्हणजे फुकटचे गुण वाटणे नव्हे. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही.

पण त्याच केंद्रांच्या अभ्यासांतून दुसरी बाबही पुढे येत राहिली. सायनच्या डॉक्टरांनी २००७मध्ये मांडलेल्या अभ्यासात निदानाच्या वेळचे सरासरी वय अकरा वर्षांच्या पुढे होते. म्हणजे पाचवी-सहावी. वाचायला शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे तोवर सरलेली असतात.

मेंदूला वाचन उपजत येत नाही

उशीर इतका महाग का पडतो, हे समजण्यासाठी थोडे मेंदूत डोकवावे लागेल. बोलणे माणसाला जवळजवळ उपजत येते. ऐकत ऐकत मूल बोलू लागते. वाचन तसे नाही. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत. मेंदूत वाचनासाठी आयते केंद्र नाही. चेहरे, वस्तू ओळखणारे भाग आणि आवाज, भाषा हाताळणारे भाग यांची नवी जोडणी प्रत्येक मुलाला आपापल्या मेंदूत करावी लागते. डिस्लेक्सियात ही जोडणी सहज होत नाही. अशा वाचकांच्या मेंदूचे आलेख काढले, तर डाव्या बाजूच्या काही भागांत वाचताना कमी हालचाल दिसते. हा दोष बुद्धीचा नाही, डोळ्यांचा नाही आणि आईबापांच्या संगोपनाचाही नाही. तो अनेकदा घराण्यात चालत येतो. ‘मलाही शाळेत असेच व्हायचे,’ असे तपासणीच्या वेळी वडिलांनी सांगणे ही नवलाची गोष्ट नसते.

यावर गोळी नाही. उपाय एकच आहे. ध्वनी आणि अक्षर यांचे नाते पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा, अनेक इंद्रियांचा वापर करून शिकवणे. आठवड्यातून काही तासिका, तेही सलग काही वर्षे. असे शिकवल्यावर मेंदूतल्या त्या मंद भागांची हालचाल वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे. जितके लवकर, तितके सोपे. दहावीच्या वर्षी ते सुरू करणे म्हणजे पावसाळा संपल्यावर पेरणीला निघणे.

मराठीचा प्रश्न इंग्रजीपेक्षा थोडा निराळा आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. ‘क’ म्हणजे ‘क’च. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी तारांबळ उडते, ती इथे तेवढी उडत नाही. पण इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांच्या जागी इथे बाराखडीसकट शेकडो आकार आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार वर बसतो, उकार खाली लोंबतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांत मूळ अक्षरे ओळखूच येत नाहीत. भारतीय लिप्यांवरच्या अभ्यासांतून दिसते, की साधारण मुलांनाही सर्व अक्षररूपे पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. ज्याला अडचण आहे, ते मूल या गर्दीत सहज लपून जाते. मराठी शाळेत ते अडखळत वाचते, पण वाचते. म्हणून कोणाला शंका येत नाही.

लालबाग-परळ, गिरगावातल्या कुटुंबांपुढे आणखी एक पेच आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी. तिसरीतल्या मुलाला इंग्रजी वाचता येत नाही, ते डिस्लेक्सियामुळे की इंग्रजी कानावरच पडत नाही म्हणून? दोन्हींची लक्षणे वरवर सारखी दिसतात, उपाय मात्र निरनिराळे आहेत. हा फरक करायचा तर मुलाची चाचणी त्याच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला, ही त्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. त्यात शिक्षकांनी वर्गातच वापरायचा प्राथमिक पडताळाही आहे. तो प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवा.

अशी मुले किती? आपल्याकडचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. चाचणी, भाषा, निकष बदलले की आकडा बदलतो. बेळगाव शहरातल्या प्राथमिक शाळांत झालेल्या, २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे १५ टक्के आले. इतरत्र ते याहून कमी आढळले आहे. अगदी पाच टक्के धरले, तरी चाळीसच्या वर्गात दोन मुले होतात. म्हणजे हा एखाद्या दुर्मीळ मुलाचा प्रश्न नाही, रोजच्या वर्गाचा प्रश्न आहे.

कायदा पुढे गेला

गेल्या पंधरा वर्षांत कायदा झपाट्याने पुढे गेला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. २०१२च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेल्या मुलांचा वंचित घटकांत समावेश झाला. त्याआधी, १ ऑक्टोबर २००७ रोजी, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली होती. त्याला अनुसरून आलेला २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून अमलात आला. सात प्रकारांचे एकवीस झाले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला प्रथमच जागा मिळाली. महाराष्ट्राने १९९६मध्ये सवलत म्हणून जे दिले, ते वीस वर्षांनी देशभर हक्क म्हणून आले.

या कायद्याचे कलम १६ प्रत्येक पालकाने आणि मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी काय करायचे ते त्यात सांगितले आहे. प्रवेश नाकारायचा नाही. इमारत वापरता येईल अशी ठेवायची. मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्यायच्या. आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करायचे. हे शेवटचे कर्तव्य परीक्षा मंडळावर किंवा रुग्णालयावर नाही, ते शाळेशी जोडलेले आहे. या कलमात चाळीस टक्के अपंगत्वाची अट नाही. कलम १७ प्रमाणे शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचे आहे.

न्यायालयांनीही कायद्याचा अर्थ रुंदावत नेला. फेब्रुवारी २०२१मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांचा दाखला सक्तीचा करता येणार नाही. वाजवी सोय हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेले प्रकरण मुंबईतल्या परीक्षा केंद्रावरचे होते. लेखनाची अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिच्या हक्काचा जादा तास मिळाला नव्हता. परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही, पण झालेला अन्याय दूर कसा करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले. नियम कागदावर होता, केंद्रावरच्या माणसांना तो माहीत नव्हता. त्याची किंमत मुलीने मोजली.

लक्षात घेण्याजोगे हे, की न्यायालयापर्यंत गेलेली ही प्रकरणे परीक्षेचीच आहेत. परीक्षेला तारीख असते, गुण असतात, नुकसान मोजता येते. दुसरीच्या वर्गात एका मुलाला वर्षभर कोणी वाचायला शिकवले नाही, याची तारीख कोणती लिहायची? त्यामुळे कलम १६मधले सवलतीचे वाक्य जिवंत राहिले आणि शिकवण्याचे वाक्य निपचित पडून राहिले.

पाचवीची परीक्षा

आता या दुर्लक्षाची किंमत वाढणार आहे. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई केली होती. त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. वाचता न येणारे मूलही वर चढत गेले आणि त्याची अडचण नववीत उघडी पडली. हे बदलावे म्हणून महाराष्ट्राने २०२३मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात नापास झालेल्याला फेरपरीक्षेची संधी आहे. तिथेही उत्तीर्ण न झाल्यास मूल त्याच वर्गात राहते.

ढकलत नेण्यापेक्षा तपासणे बरे, हे खरे. पण ज्याची अध्ययन अक्षमता ओळखलीच गेलेली नाही, ते मूल पाचवीत थांबेल आणि पुन्हा वर्षभर तेच धडे त्याच पद्धतीने ऐकेल. ज्या पद्धतीने पाच वर्षांत वाचता आले नाही, तिने सहाव्या वर्षी कसे येईल? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, म्हणजे साधारण तिसरीपासून मिळते. तिसरी ते पाचवी एवढाच काळ हाती आहे. या दोन वर्षांत मूल ओळखले गेले नाही, तर नापासाचा शिक्का त्याच्या अक्षमतेवर बसेल, आणि दोष मात्र त्याच्या मेहनतीला दिला जाईल.

एका केंद्राला एक शिक्षक

ओळखल्यावर शिकवणार कोण, हा खरा अडसर आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या इयत्तांत पंधरामागे एक. तीन वर्षांनंतरही बहुतेक राज्यांत पदे मंजूर झालेली नाहीत हे पाहून मार्च २०२५मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे जाहीर करून भरण्यास पुन्हा बजावले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२४मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांना त्यातून स्थैर्य मिळणार असल्याने निर्णय स्वागतार्ह आहे.

तरी हिशेब करून पाहावा. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा गट. चाळीसच्या वर्गात दोन मुले हा वरचा कमीत कमी अंदाज धरला, तर पहिली ते पाचवी एकच तुकडी असलेल्या एका शाळेत अशी दहा मुले होतात. म्हणजे न्यायालयाच्या प्रमाणानुसार त्या शाळेलाच एक शिक्षक हवा. तोच शिक्षक दहा शाळांत फिरणार असेल, तर एका मुलाला आठवड्यात कितीसा वेळ मिळेल? शिवाय त्याच्याकडे दृष्टिहीन, कर्णबधिर, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलेही असणार. ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसते त्यांच्याकडे आधी लक्ष जाणार आणि वर्गात गप्प बसलेले, अडखळत वाचणारे मूल पुन्हा शेवटच्या बाकावर राहणार.

ही पोकळी पैसे असलेले पालक खासगी उपचारात्मक शिक्षकांकडे जाऊन भरतात. बाकीच्यांना प्रमाणपत्र मिळते, शिक्षण मिळत नाही. त्यातूनच सवलत म्हणजे गुण वाढवायची युक्ती, असा समज पसरतो. प्रमाणपत्रांच्या गैरवापराच्या बातम्या आल्या की संशय आणखी गडद होतो आणि नियम आवळले जातात. आवळलेल्या नियमांचा फास मात्र खऱ्या गरजू मुलालाच बसतो, कारण त्याच्या पालकांकडे चौथी-पाचवी खेप घालायला सवड नसते.

शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही

यावरची वाट रुग्णालयात नाही, पहिली-दुसरीच्या वर्गात आहे. आठ वर्षांच्या आत निदान करू नये, ही वैद्यकीय सावधगिरी योग्यच आहे. काही मुले उशिरा वाचू लागतात आणि पुढे बरोबर येतात. पण निदान थांबले म्हणून शिकवणे थांबण्याचे कारण नाही. ध्वनी आणि अक्षर यांचे पद्धतशीर शिक्षण अडचण असलेल्या मुलाला वाचवते आणि नसलेल्याचे काहीच बिघडवत नाही. मूल या शिक्षणाला कसा प्रतिसाद देते, हीच मोठी चाचणी ठरते. चांगले शिकवूनही जे मागे राहते, त्याला तिसरीत पुढच्या तपासणीला पाठवावे.

हे मराठीत होऊ शकते याचा दाखला फलटणला आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मराठी वाचन शिकवण्यावर अनेक वर्षे काम केले. बाराखडी घोकून घेण्याऐवजी अक्षरे लहान लहान गटांत, त्यांतून तयार होणाऱ्या अर्थपूर्ण शब्दांसह शिकवायची आणि पहिल्या वर्षापासून मुलांच्या हातात गोष्टींची पुस्तके द्यायची, ही त्यांची धारणा. त्या संस्थेच्या शाळेचे नाव कमला निंबकर बालभवन. परळच्या रुग्णालयात पुनर्वसनाचा पाया घालणाऱ्या बाईंच्या नावाची शाळा फलटणमध्ये वाचन शिकवते आहे.

यंत्रणाही अगदीच नाही असे नाही. शून्य ते अठरा वयोगटातल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अध्ययनातल्या अडचणी त्याच्या यादीत आहेत. त्याची पथके शाळेत येतात तेव्हा वजन, दात, डोळे यांच्यासोबत शिक्षकाने भरलेला वाचनाचा साधा पडताळाही त्यांनी पाहिला, तर रुग्णालयाच्या दारातली रांग दहावीऐवजी तिसरीतल्या मुलांची होईल. डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. शिक्षण, आरोग्य आणि हा नवा विभाग अशा तिघांनी एकत्र बसून करावे असे हे पहिले काम आहे.

पालकांसाठी एवढेच. दुसरी संपत आली तरी मूल ओळखीचे शब्दही अक्षर अक्षर जुळवत वाचत असेल, वेलांटी-उकार सतत चुकत असतील, यमक जुळणारे शब्द ओळखता येत नसतील, तोंडी उत्तर चटकन देऊन लिहिताना कागद कोरा ठेवत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असतील, तर शिकवणी बदलण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलावे आणि शाळा काय करणार हे लेखी विचारावे. कलम १६चा उल्लेख करायला संकोचू नये. घरी रोज पंधरा मिनिटे सोबत मोठ्याने वाचावे. आणि ‘आळशी’ हा शब्द वापरू नये. रोज सहा तास, न कळणाऱ्या अक्षरांपुढे बसून राहणारे मूल आणखी काही असेल, आळशी नक्कीच नाही.

त्या जाडजूड फाइलला दहावीच्या वर्षी प्रमाणपत्र जोडले जाईल, जादा वेळ मिळेल, मूल पासही होईल. ते व्हायलाच हवे. फक्त त्या फाइलमधली दुसरीची वही वेळीच कोणीतरी नीट पाहायला हवी होती.